टपावर रॅक चढवण्याआधी: ऑफ-रोड गाडीच्या तयारीची यादी

रॅक निवडायला बसलं की सगळ्यांची नजर आधी रॅकवरच जाते: काळा की चंदेरी, कडेला कठडा असलेला की सपाट, किती लांब. ही यादी उलट्या टोकाने सुरू होते. आधी गाडीचा टप किती वजन झेलतो ते, मग वर नेमकं काय जाणार ते, मग टपाला पकड कुठे मिळेल ते आणि सगळ्यात शेवटी रॅक. हा क्रम पाळला की दहातले सात-आठ रॅक आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून निवडणं सोपं जातं.

म्हणून पहिलं काम गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडायचं आणि त्यात टपाच्या भाराची मर्यादा शोधायची. बहुतेक गाड्यांना हा आकडा 50 ते 100 किलोंच्या आसपास असतो. तो चालत्या गाडीसाठी असतो, आणि बहुतेक वेळा त्यात रॅकचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. पुस्तकातलं वाक्य नीट वाचून ते पक्कं करा. मग रॅकची मर्यादा पाहा, त्यानंतर रॅकला टपाशी जोडणाऱ्या पायांची. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा तोच तुमचा आकडा. रॅकवर 150 किलो लिहिलेलं असलं म्हणून 75 किलोंचा टप 150 किलोंचा होत नाही.

हा आकडाही डांबरी रस्त्याचा असतो. कच्च्या वाटेवर चाक खड्ड्यात आपटलं की वरचा भार क्षणभर दुप्पट वजनासारखा दाबतो आणि पुढच्याच क्षणी वर उसळतो, आणि रॅकचे पाय हे दिवसभर सोसत राहतात. त्यामुळे अनेक रॅक-निर्माते ऑफ-रोडसाठी रस्त्यावरची मर्यादा दीडने भागायला सांगतात. 100 किलोंची मर्यादा असेल तर हातात साधारण 66 किलो राहतात. त्यातून 28 किलोंचा सपाट रॅक आणि 4 किलोंचे पाय वजा करा. उरले 34. पाण्याचा 20 लिटरचा भरलेला कॅन 22 किलो, वाळूत-चिखलात चाकाखाली घालायच्या पट्ट्यांची जोडी 8 किलो, फावडं 2 किलो: झाले 32. म्हणजे स्टेपनी वर जाणार नाही. ऑफ-रोड टायरची रिमसकट स्टेपनी 30 ते 40 किलोंची असते. ती मागच्या दारावरच्या किंवा बंपरवरच्या स्टँडलाच शोभते.

ही बेरीज अंदाजाने करू नका. वर जाणारी प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवा, पट्टे आणि हुकांसकट, आणि कागदावर मांडा. टपावर तंबू टाकायचा असेल तर दोन वेगळे आकडे लागतात. गाडी चालताना फक्त मिटलेल्या तंबूचं वजन मोजायचं, आणि ते बऱ्याचदा 50 ते 80 किलो असतं. गाडी उभी असताना त्यात झोपणाऱ्या माणसांचं वजन येतं, पण उभ्या गाडीचा टप कितीतरी जास्त भार पेलतो. अडचण रात्रीची नसतेच, दिवसा वाटेवर तंबू वाहून नेण्याची असते. शिवाय टपावरचं प्रत्येक किलो गाडीच्या एकूण कमाल वजनातही धरलं जातं. आत पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर टपाची मर्यादा शिल्लक असूनही गाडीची संपलेली असू शकते.

उंचीवरच्या वजनाचं एवढं का मनावर घ्यायचं, ते एका हिशोबावरून कळेल. 2,000 किलोंची गाडी घ्या, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 75 सेंटिमीटर उंच आहे असं धरा, आणि 195 सेंटिमीटर उंचीवर 75 किलो चढवा. गुरुत्वमध्य चार सेंटिमीटरहून थोडा जास्त वर सरकतो. दोन चाकांमधलं अंतर 155 सेंटिमीटर असेल, तर गाडी कडेला कलंडण्याचा कागदी कोन 46 अंशांवरून 44 वर येतो. दोन अंश फार वाटत नाहीत. पण आडव्या उतारावर खालच्या बाजूची स्प्रिंग दबते आणि गाडी जमिनीपेक्षाही जास्त झुकते. त्यात खालचं चाक खड्ड्यात आणि वरचं दगडावर गेलं, की कागदावरचा कोन कुठल्या कुठे राहतो. आडव्या उतारांची वाट नेहमीची असेल तर टप जवळजवळ रिकामा ठेवणं हाच आमचा सल्ला, मग रॅक कितीही भक्कम असो. जड ते आत, खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. वर फक्त हलकं आणि मोठ्या आकाराचं, म्हणजे जागा खाणारं पण वजन नसलेलं.

आता पकड. टपाच्या कडेला पावसाच्या पाण्याची पन्हळ असलेली जुन्या धाटणीची गाडी असेल तर तुम्ही नशीबवान. पन्हळीवर पायांची संख्या वाढवता येते, आणि चारांऐवजी सहा किंवा आठ पाय दिले की भार वाटला जातो. फक्त पन्हळ गंजलेली नाही ना हे रंगाखाली बोटाने चाचपून पाहा. फुगलेला रंग म्हणजे आत गंज. कारखान्यातूनच बसवलेले उंच रेल असतील तर त्यांची स्वतःची मर्यादा पुस्तकात असते. ती पाहिल्याशिवाय रेल दिसायला जाड आहेत म्हणून भरवसा ठेवू नका. काही गाड्यांत टपाच्या पट्टीखाली आटे पाडलेल्या तयार जागा झाकलेल्या असतात. ऑफ-रोडसाठी ही पकड उत्तम, कारण बोल्ट थेट बॉडीच्या सांगाड्यात जातो. दाराच्या चौकटीला चिमटा लावून बसणारे पाय शहरापुरते आणि हलक्या भारापुरते ठेवा. खडखडाटात ते सरकतात, दाराचं रबर चेपतात आणि तिथून पाणी आत येतं. काढता येणाऱ्या फायबरच्या टपावर रॅक थेट बसवू नका. तिथे भार बॉडीला किंवा रोल-केजला (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याला) बांधलेल्या बाहेरच्या सांगाड्यातून खाली उतरायला हवा, नाहीतर फायबरला बोल्टभोवती तडे जातात.

भोकं पाडावीच लागणार असतील तर आधी कडेचे पडदा-एअरबॅग, म्हणजे अपघातात खिडक्यांवर पडद्यासारखे उलगडणारे, कुठून जातात ते शोधा. ते टपाच्या कडेच्या पोकळीतच असतात आणि तिथे ड्रिल चालवणं जिवावरचं आहे. सुरक्षित जागी भोक पाडल्यावर पत्र्याची उघडी कड लगेच प्रायमरने रंगवा आणि ड्रिलचे लोखंडी कण ब्रशने, चुंबकाने, एक न एक वेचून काढा. रंगावर राहिलेला कण पहिल्याच पावसात तांबडा ठिपका होतो. बोल्टच्या मानेभोवती ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) किंवा न कडकणारं सीलंट लावा, आणि बोल्ट आवळताना ते चहूबाजूंनी थोडं बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. एका बाजूने आलं नाही तर तिथूनच गळणार. आतल्या छताचं कापड परत लावण्याआधी होसपाइपने दहा मिनिटं पाणी मारा आणि आत टॉर्च घेऊन बघा.

एवढं झाल्यावर रॅककडे वळायचं. दोन आडव्या दांड्या 5 ते 7 किलोंत होतात, आणि कधीमधी सायकल किंवा शिडी न्यायची असेल तर त्याच घ्या. कठड्याची टोपली सुट्या पिशव्यांना बरी, पण लांब फळ्या किंवा तंबू तिच्यात नीट बसत नाहीत आणि वाराही जास्त अडतो. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सपाट रॅक साधारण 20 ते 30 किलोंचा असतो. त्याच्या खाचांतून बोल्ट कुठेही सरकवता येतो, म्हणून सामान बदलत राहणाऱ्याला तो सगळ्यांत सोयीचा. टपाच्या पूर्ण लांबीचा पोलादी रॅक 40 ते 60 किलोंवर जातो. पोलाद वाकतं पण सहसा एकाएकी तुटत नाही, आणि तुटलंच तर कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे जोडून मिळतं. अॅल्युमिनियमला सतत हादरे बसले की वेल्डच्या शेजारी बारीक तडा जातो, आणि त्याचं वेल्डिंग सगळीकडे होत नाही. म्हणून अॅल्युमिनियम घेताना वेल्ड केलेल्या रॅकपेक्षा बोल्टने जोडलेला बरा: तुटलेली एक पट्टी बदलता येते. तरीही ज्यांच्या टपाची मर्यादा 75 किलोंच्या आत आहे त्यांनी पोलादी पूर्ण रॅकचा विचार सोडावा. दीडचा भागाकार केल्यावर तो एकटाच सगळी मर्यादा खाऊन टाकतो.

लांबी ठरवताना रॅक पुढच्या काचेच्या वर डोकावता कामा नये. पुढे आलेली कड वाऱ्याला खालून उचलायला जागा देते आणि रॅकचे पुढचे पाय सैल करते. वजन दोन आसांच्या मध्ये, आणि डावी-उजवी सारखं. सनरूफ वर उचकटून उघडत असेल तर त्याची उंची मोजा. मागचं दार वर उघडणारं असेल तर ते पूर्ण उघडून त्याची वरची कड रॅकला लागते का ते पाहा. अँटेनाचा शार्कच्या पंखासारखा तुकडा बऱ्याच जणांना रॅक आल्यावरच आठवतो.

आवाजाचाही विचार आत्ताच करा, कारण लांबच्या प्रवासात तो माणसाला थकवतो. गोल दांड्या ठरावीक वेगाला हुंकारतात. त्यांच्यावर जाड दोरी मळसूत्रासारखी गुंडाळली की वाऱ्याचे एकसुरी भोवरे मोडतात आणि आवाज बसतो. सपाट रॅकच्या उघड्या खाचा शिट्टी घालतात, त्यांत रबराची पट्टी भरा. पुढे वारा वळवणारी तिरकी फळी लावली तर ती टपाला न घासता, पण अगदी जवळ बसली पाहिजे. मालाचे पट्टेही फडफडतात. प्रत्येक पट्ट्याला एक पीळ दिला की गप्प होतात.

बसवण्याच्या दिवशी पायाखालची जागा साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून कोरडी करा. या एका पायरीवर सर्वाधिक हयगय होते. रबरी गादीखाली अडकलेली धूळ हादऱ्यांबरोबर पॉलिश पेपरसारखी काम करते. काही महिन्यांनी पाय उचलला की त्याच्या आकाराचा, प्रायमरपर्यंत घासलेला चौकोन दिसतो. प्रत्येक पायाखाली रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म चिकटवा. सगळे बोल्ट आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवा, रॅक मोजून मधोमध आणा, आणि मगच समोरासमोरचे पाय आळीपाळीने आवळत जा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलं तर रॅक ताणात बसतो आणि तोच ताण पुढे तडा देतो. टॉर्क रेंचवर, म्हणजे आवळण्याचा जोर (टॉर्क) मोजणाऱ्या पान्यावर, निर्मात्याने दिलेलाच आकडा लावा. एम6 आणि एम8 (6 आणि 8 मिलिमीटर जाडीच्या) बोल्टना थोडाच टॉर्क लागतो, आणि अंगाच्या जोराने आवळून आटे गेले की टपात नवा आटा बसवण्याचं मोठं काम निघतं. स्टेनलेसचा बोल्ट अॅल्युमिनियमात जात असेल तर अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण) लावा, नाहीतर दोन धातूंमध्ये ओलाव्याने पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट तिथेच बसतो. वंगण लावलेल्या बोल्टला कमी टॉर्क पुरतो, तेव्हा पत्रकातला आकडा कोरड्या बोल्टचा आहे की वंगणाच्या ते बघा. नायलॉनचं कडं असलेला नट एकदा काढला की नवाच घाला.

आवळून झालं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर उतरणारी एक सरळ रेघ पांढऱ्या रंगाने ओढा. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ मोडलेली दिसते आणि पाना न लावता तपासणी होते. मग रॅक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा: अख्खी गाडी डुलली पाहिजे, रॅक वेगळा हलता कामा नये. पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क लावा, कारण रबरी गाद्या दबून बसतात. त्यानंतर प्रत्येक खडबडीत टप्प्यानंतर रेघांवर एक नजर.

सामान बांधायला लवचीक दोऱ्या चालत नाहीत; त्या सामान गप्प ठेवतात, ब्रेक लागल्यावर धरून ठेवत नाहीत. प्रत्येक जड वस्तूला आडवे दोन पट्टे आणि पुढे सरकू नये म्हणून एक उभा, सगळे रॅकच्या मुख्य दांड्यांना किंवा डोक्याला कडी असलेल्या बोल्टांना, नक्षीच्या पातळ पट्ट्यांना नाही. धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर खाली रबर किंवा जाड कापड ठेवा. पेट्रोलचा कॅन टपावर नकोच: उन्हात वाफ धरते, आणि गाडी कलंडली तर कॅन फुटून पेट्रोल आपल्याच दारांवर सांडतं.

वर दिवे लावणार असाल तर ते काचेच्या कडेपासून मागे सरकवा, नाहीतर बॉनेटवर पडलेला उजेड डोळ्यांत परततो. 12 व्होल्टवर 120 वॉटचा बार 10 अँपिअर ओढतो. रिले (छोट्या स्विचने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) आणि बॅटरीजवळ 15 अँपिअरचा फ्यूज घाला, आणि तार आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.

शेवटी मोजपट्टी घेऊन जमिनीपासून सामानाच्या वरच्या टोकापर्यंतची उंची मोजा आणि ती चालकाच्या समोर, सन-व्हायजरवर लिहून ठेवा. पार्किंगच्या कमानीसमोर आठवून चालत नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात रॅकच्या मापाची अॅलन की, छोटा पाना, चार जादा बोल्ट, तितकेच नवे नट, वॉशर आणि हाताएवढा रबराचा तुकडा, एका पिशवीत.