महाविद्यालयाच्या जुन्या फुटबॉल विजेतेपदाचा इतिहास कसा लिहावा

मराठवाड्यातील एखाद्या महाविद्यालयाने पन्नास-साठ वर्षांपूर्वी जिंकलेल्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेचा इतिहास लिहायचा असेल, तर माजी खेळाडूंच्या मुलाखतींपासून सुरुवात करू नये. आधी कागद गोळा करावेत; तारखा आणि गोलसंख्या हाताशी असल्या म्हणजेच मुलाखतीत नेमके प्रश्न विचारता येतात.

सर्वप्रथम स्पर्धा कोणत्या विद्यापीठाची होती, हे निश्चित करावे. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. त्यापूर्वी येथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे १९५५ सालचा सामना शोधताना केवळ मराठी वृत्तपत्रांवर विसंबून चालणार नाही, तर १९४९ पासून हैदराबादेतून निघणाऱ्या ‘सियासत’सारख्या उर्दू दैनिकाचे अंकही चाळावे लागतील. उर्दू वाचणारा जाणता माणूस आपल्याकडे सहज मिळतो, त्याला सोबत घ्यावे. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील नामांकित फुटबॉल स्पर्धेचा रोव्हर्स चषक जिंकला होता. ज्या शहरात फुटबॉल इतका मुरलेला होता, तेथील महाविद्यालयांसमोर उपांत्य फेरी गाठणे हीदेखील माझ्या मते स्वतंत्र परिच्छेद देण्याजोगी कामगिरी आहे. नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये वेगळे झाले, म्हणून नांदेड, परभणी किंवा लातूरच्या संघांचाही त्याआधीचा शोध छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठापासूनच सुरू करावा.

महाविद्यालयात वार्षिकांकातील जिमखाना अहवाल मिळेल, पण त्यात कौतुक फार आणि तपशील थोडा असतो. त्यापेक्षा प्रवासभत्त्याची बिले आणि डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे साहित्याची नोंदवही, अधिक बोलतात. बिलावर खेळाडूंची नावे, सह्या आणि प्रवासाची तारीख असते. रजिस्टरमध्ये चेंडू, ब्लॅडर, हवा भरायचा पंप आणि बुटांचे जोड यांची खरेदी असते. खेळाडू अकरा आणि बुटांचे जोड सातच दिसले, तर उरलेले चौघे स्वतःचे बूट वापरत होते की अनवाणी खेळत होते, हा मुलाखतीत विचारण्याचा प्रश्न ठरतो.

जिमखान्याच्या भिंतीवरील तसबीर काळजीपूर्वक पाहावी. पुढे ठेवलेल्या चेंडूवर पांढऱ्या अक्षरांत ‘१९६७-६८’ असे लिहिलेले असेल, तर ते शैक्षणिक वर्ष आहे. अंतिम सामना डिसेंबरात झाला असेल किंवा जानेवारीत, म्हणून दोन्ही वर्षांची वृत्तपत्रे तपासावीत.

आठवणींची पारख खेळाच्या नियमांवर करावी. लाल आणि पिवळी कार्डे १९७० च्या विश्वचषकात प्रथम आली आणि बरोबरीनंतर पेनल्टींवर निकाल लावण्याची पद्धतही त्याच वर्षी नियमात आली. १९६४ सालचा सामना ‘टायब्रेकरवर जिंकला’ असे कोणी सांगितले, तर वर्ष किंवा निकाल यांपैकी काहीतरी चुकण्याचा संभव मोठा आहे. अशा वेळी वाद न घालता सामना पुन्हा खेळवला होता का, दोन्ही संघांना संयुक्त विजेते ठरवले होते का, असे विचारावे.

मुलाखती एकेका खेळाडूच्या स्वतंत्रपणे घ्याव्यात, कारण चौघे एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचाच गोल खरा ठरतो. राइट आउट, लेफ्ट इन, हाफबॅक हे मैदानावरील जागांसाठीचे त्यांचे जुने शब्द तसेच ठेवावेत. दोघांच्या हकिगती जुळल्या नाहीत, तर दोन्ही नावांनिशी छापाव्यात. आणि ज्या सामन्याची गोलसंख्या कागदावर सापडत नाही, तिथे तक्त्यातील रकाना कोरा सोडावा.