ओस पडलेल्या गोव्याचा खेळ कसा रचावा

प्रलयोत्तर जगाचा रोल-प्लेइंग (खेळाडूने एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा) व्हिडिओ गेम रचणारा मनुष्य बहुधा चित्रापासून सुरुवात करतो. पडकी इमारत, गंजलेली मोटार आणि धुळीने लाल झालेले आकाश आधी तयार होते. भूक, तहान, जखमा आणि शत्रू यांचे हिशेब मागाहून निराळ्या वहीत मांडले जातात. ही दोन कामे पहिल्या दिवसापासून एकाच वहीत ठेवावीत, असे मला गोव्यातील होतकरू गेमकर्त्यांना आग्रहाने सांगायचे आहे. पडद्यावर जे दिसते त्याचा कुठेतरी हिशेब लागावा, आणि ज्याचा हिशेब लागतो ते खेळाडूला आकडा न वाचताही दिसावे किंवा ऐकू यावे.

या प्रकारातील उत्तम खेळ नेमके हेच करतात. 1997 सालच्या ‘फॉलआउट’मध्ये जमिनीखालच्या निवाऱ्यातील पाणी शुद्ध करणारी चिप निकामी होते आणि दुसरी चिप शोधून आणायला नायकाला 150 दिवस मिळतात. एका वस्तीहून दुसरीकडे निघाले की नकाशावरचे वाळवंट सरकते आणि त्याबरोबर दिवसही उलटतात, त्यामुळे त्या वाळवंटाची रुंदी खेळाडूला जाणवते. त्याच खेळात ‘ग्लो’ नावाचे किरणोत्सर्गाने भरलेले विवर आहे. तिथे उतरायला दोर लागतो आणि औषध न घेता गेलेल्या माणसाला किरणोत्सर्ग आतून पोखरतो. ज्याने दोर आठवणीने घेतला त्याच्यासाठी ती जागा भीषण असतेच, शिवाय ती त्याने स्वतः कमावलेलीही असते. 2010 सालच्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’मध्ये आरंभीच्या गावाहून शहराकडे जाणारी उत्तरेची वाट जवळची आहे, परंतु त्या वाटेवरच्या खाणीत डेथक्लॉ नावाचे प्राणी वावरतात आणि आसपास राहणारे लोक खेळाडूला तसे आधीच सांगतात. तिथे अदृश्य भिंत उभारलेली नाही. खेळाडू धोका पत्करतो किंवा दक्षिणेकडून लांबचा वळसा घेतो, आणि त्या वळशात त्याला ते जग भेटते.

आपल्याकडे काम करताना वाळवंट तसेच्या तसे उचलून आणण्याचा मोह टाळावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी तीच चूक केली होती. सत्तरी तालुक्यातील एका गावात जुलै महिना दाखवला आणि नायकाला तहानेने व्याकूळ केले. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात, पागोळ्यांखाली घागर ठेवली की भरते अशा महिन्यात, ती तहान पूर्णपणे खोटी होती. आपल्याकडे टंचाई ऋतूबरोबर बदलते. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. जुलैत पाणी चहूकडे असते, पण कोरडे सरपण, कोरडे धान्य आणि कोरडा बिछाना मिळत नाही. खेळात एकच मापदंड बारा महिने चालवण्याऐवजी पाऊस लागताच खेळाडूची चिंता बदलावी. तेवढ्याने गोव्याचे वातावरण जितके उभे राहील तितके ते शंभर चित्रांनी उभे राहणार नाही.

यासाठी आपल्या जुन्या घरांत एक तयार व्यवस्था आहे, ती म्हणजे पुरुमेत. पावसाळ्यापूर्वी सुके बांगडे, सुकी सुंगटे, सोलां, उकडे तांदूळ, मिरची, चिंच आणि फणसाची भिकणां भरून ठेवण्याची ही रीत समुद्र खवळलेला असताना घर चालावे म्हणून पडली. आजही 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. खेळाचा पूर्वार्ध मार्च ते मे ठेवावा आणि त्यात खेळाडूला पुरुमेत जमवायला लावावे. उत्तरार्धात ती पुरवून खायला लावावी. साठवलेली वस्तू कुठे ठेवली यावर ती किती टिकेल हे ठरावे. चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलेली मासळी टिकते, भिंतीलगतच्या पोत्याला ओल लागते. बुरशीचा आकडा दाखवू नये. पोत्याचा रंग बदलावा, आणि नायकाने ते उघडताच येणाऱ्या वासाचे वर्णन एका वाक्यात द्यावे.

आता प्रलयाचे कारण. अणुबॉम्बचे कारण त्या अमेरिकी खेळांना शोभते, कारण शीतयुद्धाची भीती त्या समाजाने खरोखर अनुभवली होती. 2007 सालच्या ‘स्टॉकर’ला चेर्नोबिलची भूमी लाभली, जिथे 1986 मध्ये अणुभट्टीचा स्फोट झाला होता, त्यातला खेळाडू पुढची जागा सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी हातातला बोल्ट फेकतो, आणि ही साधी कृती भीती आणि कौशल्य दोन्ही सांगते. आपल्या मातीतले कारण शोधायचे तर खाजन जमिनीकडे पाहावे. भरतीच्या पातळीखाली असलेली ही शेते मातीच्या बांधांनी राखलेली आहेत. बांधातील मानशीची, म्हणजे पाण्याच्या मोरीची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. माणसे गेली की बांधांची देखभाल थांबते, एखाद्या रात्री भगदाड पडते, खारे पाणी शिरते आणि ते शेत पुन्हा पिकायला काही पावसाळे जावे लागतात. स्फोटाशिवाय, आवाजाशिवाय, निव्वळ माणसांच्या अभावाने ओढवलेला हा प्रलय मला कोणत्याही बॉम्बपेक्षा अधिक भयंकर वाटतो.

या कारणातून खेळाचे घड्याळही मिळते. दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, त्यांत सुमारे सहा तासांचे अंतर, आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे, एवढे नियम पुरेसे आहेत. मोडलेला बांध ओलांडायचा तर ओहोटीच हवी. तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) गोळा करायच्या तरी ओहोटीच हवी, म्हणजे खेळाडूला चालणे आणि खाणे यांतून निवड करावी लागते. घड्याळ कोपऱ्यात छापू नये. चिखलावर उमटलेली पाण्याची रेघ, कांदळवनाची उघडी पडलेली मुळे आणि बगळ्यांची जागा यांवरून वेळ ओळखता यावी. सुरुवातीला चुकणारा खेळाडू काही तासांनी चिखल पाहून निर्णय घेऊ लागतो, तेव्हा वातावरण हेच त्याचे साधन झालेले असते.

कठीणपणाचा हिशेब मात्र कागदावर काटेकोर करावा. दिवसाचे चार भाग धरावेत, प्रत्येक भागाला एक माप पाणी लागते असे ठरवावे आणि नायकाच्या कळशीत दहा मापे मावतात असे समजावे. पुढची गोड्या पाण्याची विहीर दोन दिवसांवर असेल तर आठ मापे खर्च होऊन दोन उरतात, म्हणजे वाटेत दोनदा भरती उतरण्याची वाट पाहण्याइतकी सवड राहते. पहिल्या प्रवासासाठी एवढी सवड योग्य आहे. पुढच्या प्रवासात ती एका मापावर आणावी. सवड शून्य करण्यापूर्वी खेळाडूला मोठी कळशी, जवळची वाट किंवा वाटेतल्या झऱ्याची खबर यांपैकी काहीतरी मिळवण्याची संधी दिलेली असावी. अन्यथा तो हरतो त्यामागे त्याची चूक नसते, आणि असा पराभव त्याला काहीही शिकवत नाही. शत्रूंची ताकद वाढवत नेणे हा कठीणपणाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. लढाया थोड्या ठेवाव्यात, आणि प्रत्येक लढाईनंतरची जखम पावसात चिघळते एवढे लक्षात ठेवावे. लढाईविषयी याहून अधिक सांगण्याची मला गरज वाटत नाही.

भग्नावशेष मांडताना प्रत्येक जागेला एक प्रश्न विचारावा : इथून कोणी काय नेले? जुन्या गोव्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. साथींनी पोखरलेले ते शहर हळूहळू रिकामे झाले आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. तिथला सेंट ऑगस्टिनचा मठ 1835 मध्ये ओस पडला, 1842 मध्ये चर्चचे छत कोसळले, आणि 1931 मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग ढासळला. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे, आणि जुन्या शहरातील चिरे नव्या शहराच्या बांधकामात गेले. खरे अवशेष असे अर्धे रिकामे असतात. खेळातील प्रत्येक पडक्या घरात औषधाची बाटली आणि गोळ्यांची पेटी ठेवली तर कोणी तिथून कधी गेलेच नव्हते असे वाटते. त्याऐवजी दाराच्या चौकटी उपटलेल्या, कौले एका बाजूने व्यवस्थित उतरवून नेलेली आणि तुळशीवृंदावन तेवढे जागेवर, असे घर दाखवावे. ती कौले पुढे तीन वस्त्यांपलीकडे एका छपरावर दिसली, तर खेळाडूला कुणीही न सांगता एक गोष्ट कळेल आणि कोणाशी सौदा करावा याचा सुगावाही लागेल.

सांगे तालुक्यातील कुर्डी गावाला मे महिन्यात एकदा तरी जावे, असे मी प्रत्येक गेमकर्त्याला सांगतो. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले हे गाव उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, आणि तिथून उठलेली माणसे देवळाच्या व कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) उत्सवासाठी परत येतात. घरांचे जोते, विहिरीचे तोंड, झाडांचे काळे बुंधे पाहताना मला उमगले की उजाड जगात परत येणारी माणसे ही एकटेपणापेक्षा अधिक दाट भावना देतात. वर्षातून काही आठवडेच उघडणारी जागा खेळात जरूर ठेवावी. तिथे काय मिळते हे खेळाडूला ऐकून माहीत असावे आणि पावसापूर्वी पोहोचायचे की पुरुमेत भरायची, हे त्याने ठरवावे.

ध्वनीवर चित्राइतकाच वेळ द्यावा. साधा मोबाइल पुरेसा आहे. पत्र्यावरचा पाऊस, कौलांवरचा पाऊस आणि नारळीच्या झावळ्यांवरचा पाऊस वेगवेगळे ध्वनिमुद्रित करावेत, म्हणजे अंधारात डोळे मिटूनही खेळाडूला आसरा जवळ आहे की नाही हे समजेल. सततचे संगीत टाळावे. मला सर्वांत प्रिय असलेली कल्पना पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, भोंप्याची आहे. कित्येक दिवस निर्मनुष्य वाटेने चालल्यावर पहाटे दूरवरून तो भोंपू ऐकू आला, तर याचा अर्थ कुठेतरी पीठ आहे, पेटलेली भट्टी आहे, आणि जुन्या रीतीने पाव फुगवायला लागणारी सूर (माडी) माडावरून काढणारा रेंदेरही आहे; म्हणजेच एक जिवंत वस्ती आहे. आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखणे हेच त्या पहाटेचे आव्हान. नकाशावर बाण दाखवला की हा सगळा आनंद नाहीसा होतो.

पात्राची घडणही याच जगातून यावी. ‘फॉलआउट’मधले पात्राची क्षमता मोजणारे सात गुण उचलण्यापेक्षा नायक कोणत्या घरातला आहे हे विचारावे. रेंदेराला माडावर चढून दूरचे दिसते, मानस सांभाळणाऱ्या घरातल्या मुलीला पाणी कधी वळेल हे इतरांच्या आधी कळते, डिचोलीकडच्या खाणीवर टिपर चालवलेल्याला नदीत गंजत पडलेल्या बार्जचे इंजिन उघडता येते. पात्राची प्रगती ज्यांवर ठरते ते अनुभवाचे गुण शत्रू मारण्यासाठी देऊ नयेत. 2015 सालच्या ‘अंडररेल’ने जगात विखुरलेल्या विलक्षण वस्तू शोधण्यासाठी अनुभव देण्याचा पर्याय ठेवला, आणि त्यामुळे खेळाडू कोपरा न् कोपरा पाहू लागतो. बांध दुरुस्त केला तर तो पुढेही दुरुस्त राहिला पाहिजे. 1988 सालच्या ‘वेस्टलँड’ने फ्लॉपीच्या काळातही खेळाडूने केलेले बदल जगात टिकवून दाखवले होते.

खेळ जतन करण्याच्या सोयीविषयी थोडी सावधगिरी सुचवतो. ‘फॉलआउट 4’च्या 2016 मध्ये सुधारलेल्या सर्व्हायव्हल पद्धतीत झोपल्याशिवाय खेळ जतन होत नाही, म्हणून साधा बिछानाही मोलाचा ठरतो. आपण त्याजागी खोबरेल तेलाचा दिवा ठेवू शकतो, मात्र तेल संपले म्हणून खेळाडूचे तीन तास वाया जाणार नाहीत एवढी तजवीज हवीच. नोकरी-शाळा सांभाळून खेळणाऱ्या माणसासाठी बाहेर पडताना आपोआप होणारी एक तात्पुरती नोंद ठेवावी, जी परत येताच पुसली जाते.

संवाद मराठीत लिहावेत आणि पात्रांच्या तोंडी कोंकणी येते तिथे ती येऊ द्यावी. गोडोट हे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर चौथी आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. जुन्या आवृत्तीत ती तुटत असत. चित्ररूप अक्षरसंच टाळावा, आणि वेलांट्या-उकारांसाठी ओळींमध्ये पुरेसे अंतर ठेवावे.

पहिली आवृत्ती लहान असावी : एक पडके घर, एक विहीर, एक मोडलेला बांध आणि दोन दिवसांच्या भरती-ओहोट्या. ती कधीही न पाहिलेल्या तिघांना खेळायला द्यावी, त्यांच्या मागे बसावे आणि तोंड मिटून ठेवावे. ते कुठे मेले यापेक्षा कुठे थांबले हे वहीत लिहावे. माझ्या चाचणीत एक मुलगा बांधाशी आला, पाणी चढते आहे हे त्याने रेघेवरून ओळखले, आणि काहीही न दाबता तो बगळे उतरेपर्यंत पडद्याकडे पाहत राहिला. त्या संध्याकाळी मी बांधाजवळ लिहिलेली सूचनेची पाटी काढून टाकली.