होडीतलं जीपीएस बंद पडलं तर काय करायचं

स्क्रीन काळी झाली की सगळे फ्यूज आणि वायरीत डोकं घालून बसतात आणि तेवढ्यात होडी भलतीकडेच गेलेली असते. आधी घड्याळ बघा. किती वाजले, कंपासवर दिशा काय होती, स्पीड किती होता आणि शेवटची पोझिशन काय, हे चार आकडे आधी कागदावर, रिपेरिंग नंतर. आणि सगळं नीट चालू असतानाही दर तासाला पोझिशन वहीत लिहायची सवय असेल तर अर्धं काम झालंच म्हणून समजा, कारण शेवटची पोझिशनच माहीत नसेल तर पुढचं कुठलंच गणित सुरू होत नाही.

गणित तसं सोपंय. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर. ६ नॉटने ४० मिनिटं गेलात तर ४ मैल झाले, मग शेवटच्या पोझिशनपासून कंपासच्या दिशेने रेघ मारायची आणि त्यावर ४ मैल मोजायचे. अंतर चार्टच्या, म्हणजे समुद्राच्या नकाशाच्या, उजव्या किंवा डाव्या कडेच्या अक्षांशाच्या पट्टीवरच मोजा, तिथे १ मिनिट (घड्याळाचं नाही, डिग्रीचा साठावा भाग) म्हणजे १ मैल असतो. वरखालची रेखांशाची पट्टी यासाठी अजिबात वापरायची नाही, नवीन लोक इथेच फसतात.

स्पीड दाखवणारं मीटरही गेलं असेल तर लाकडाचा छोटा तुकडा पुढच्या टोकाजवळून पाण्यात टाका आणि मागच्या टोकापर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. होडी १० मीटरची आणि लागले ५ सेकंद, म्हणजे सेकंदाला २ मीटर, त्याच्या दुपटीला थोडं कमी म्हणजे ४ नॉटच्या आसपास. पण हा पाण्यातला स्पीड झाला हं, प्रवाह तुम्हाला कुठे ओढतोय ते यात येत नाही.

कंपासजवळ मोबाईल, स्पीकर, चाकू, लोखंडी हत्यारं काही म्हणजे काही ठेवू नका. १ डिग्रीची चूक ६० मैलांवर साधारण १ मैल होते, म्हणजे ५ डिग्री चुकलं तर १२ मैलांतच मैलभर बाजूला. चार्टवर जो कंपासचा गोल छापलेला असतो त्यात खऱ्या उत्तरेचा आणि कंपासच्या उत्तरेचा फरक दिलेला असतो, तो धरूनच रेघ मारा.

किनारा दिसत असेल तर चार्टवर सापडतील अशा दोन खुणा निवडा, दीपगृह, टेकडी, काहीही, दोघींमधला कोन ९० च्या जवळपास हवा. दोन्हींची दिशा कंपासने घ्या, चार्टवर रेघा मारा, जिथे छेदतात तिथे तुम्ही. तिसरी खूण मिळाली तर छोटा त्रिकोण होतो, तो फारच मोठा आला तर काहीतरी चुकलंय, परत घ्या. रात्री दिव्याचे झोत आणि मधले सेकंद मोजून चार्टशी जुळवा, नुसतं ‘दिवा दिसला’ म्हणून त्या दिशेने वळू नका.

माझ्या मते सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे बंदरावर सरळ नेम धरायचाच नाही! मुद्दाम एका बाजूला, समजा उत्तरेला, थोडं जास्त धरायचं. मग किनारा लागला आणि बंदर दिसलं नाही तरी वळायचं दक्षिणेलाच, शोधाशोध नाही. मात्र त्या बाजूला खडक नाहीत हे आधी चार्टवर बघून घ्या.

खोलीसाठी दोरीला शिशाचा गोळा बांधा, दर मीटरला गाठ मारा. गोळ्याच्या खाली ग्रीस लावलं तर तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येतो, तेही चार्टवर लिहिलेलं असतं, ताडून बघता येतं. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितके डिग्री वर तितका साधारण तुमचा अक्षांश, हात ताठ करून धरलेली मूठ १० डिग्रीच्या आसपास भरते. पण इथे १ डिग्री म्हणजे ६० मैल, त्यामुळे मुठीने मोजून बंदर शोधायला जाऊ नका, उत्तर कुठे आहे हे कळायला मात्र तो तारा एकदम पक्का.

हे सगळं स्वच्छ हवेत, ओळखीच्या पाण्यात करून बघा. स्क्रीनवर टॉवेल टाका, तासभर कागदावर चालवा, मग टॉवेल काढून फरक मोजा. दिशा आणि स्पीड नीट धरला असेल आणि वारा फार नसेल, तर तो फरक ज्या बाजूला पडला तिकडेच प्रवाह ओढतोय.