गल्लीतल्या रस्त्याची फाईल महापालिकेत कशी बघायची (सोलापूरकरांसाठी)

नवीन रस्ता होतो, पहिल्या पावसात खडी वर येते आणि मग आपण कट्ट्यावर बसून ठेकेदाराला शिव्या देतो. पण त्या रस्त्याचा सगळा हिशोब महापालिकेत कागदावर लिहिलेला असतो आणि तो बघायचा हक्क तुम्हाला आहे, फक्त कुठला कागद मागायचा ते नीट माहीत पाहिजे. जुळे सोलापूर असू दे, जोडभावी पेठ असू दे, पद्धत एकच.

माझं म्हणणं असं की लगेच माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका, आधी फाईल बघून या. राज्य सरकारचं 26 नोव्हेंबर 2018 चं परिपत्रक आहे, त्याप्रमाणे दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत महापालिकेसारख्या ऑफिसात नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यायचंय, सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. टेबलावरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून परिपत्रकाची प्रिंट खिशात ठेवा आणि आवाज न चढवता पुढे करा. जायचं कुठे? शहराचे 8 झोन आहेत, आधी आपल्या झोन ऑफिसला विचारा की या कामाची फाईल इथे आहे का महापालिकेच्या मुख्य ऑफिसात, म्हणजे इंद्रभुवनच्या आवारात, नगर अभियंत्यांकडे आहे. हे विचारल्याशिवाय गेलात तर सोमवार वाया जातो.

फाईल हातात आली की चार गोष्टी शोधा. अंदाजपत्रक म्हणजे एस्टिमेट, त्यात कुठला थर किती जाडीचा ते असतं. वर्क ऑर्डर, त्यात रक्कम आणि मुदत. मग दोषदायित्व कालावधी, म्हणजे किती दिवसांत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा, हे टेंडरच्या अटीत सापडतं आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत, मुदत चालू असताना त्याच रस्त्यावर पुन्हा महापालिकेचा पैसा खर्च होत असेल तर तिथेच विचारायला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाची मोजमाप पुस्तिका, ऑफिसात सगळे तिला एमबीच म्हणतात. इंजिनिअरने जागेवर मोजून लांबी, रुंदी, जाडी तारखेसकट तिच्यात लिहायची असते आणि बिल त्यावरूनच निघतं. ते आकडे वहीत उतरवून घ्या, घरी येऊन टेप लावा, लांबी रुंदी तर कुणालाही मोजता येते की. जाडी वरून कळत नाही, पण माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मध्ये साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क दिलेला आहे, तो फार कमी लोक वापरतात.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. जोडपत्र अ चा नमुना, म्हणजे अर्जाचा ठरलेला फॉर्म, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही पण दाखला जोडावा लागतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, हे पाळा नाहीतर त्याच कारणाने परत येतो. "रस्ता का खराब झाला" असं विचारू नका. "का" विचारलं की उत्तर टाळता येतं, कागद मागितला की टाळता येत नाही. साधं लिहा: "अमुक चौक ते अमुक मंदिर रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने व अंतिम बिल यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात." फाईल आधी बघितली असेल तर वर्क ऑर्डरचा नंबर आणि तारीखच टाका, मग "माहिती सापडत नाही" म्हणायला जागा राहत नाही. माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, कलम 6(2) तेच सांगतं, कुणी विचारलं तर एवढंच बोला. झेरॉक्सला पानाला 2 रुपये. रस्ता महापालिकेचा नसून बांधकाम खात्याचा निघाला तरी अर्ज परत करायचा नसतो, 5 दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय आवक टेबल सोडू नका.

30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नंतर दिलं तर प्रती फुकट द्याव्या लागतात. आलंच नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याचा फॉर्म जोडपत्र ब, 20 रुपयांचा स्टॅम्प, त्याच ऑफिसातल्या वरिष्ठांकडे. इथे कंटाळू नका प्लीज, बरीच लोकं इथेच सोडून देतात. सुनावणीला स्वतः जा, टेपने मोजलेले आकडे आणि एमबीचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून न्या. तिथेही नाही मिळालं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, सोलापूरसाठी पुणे खंडपीठ. आयोग दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 पर्यंत दंड लावू शकतो आणि तो माहिती अधिकाऱ्याच्या, म्हणजे अर्जाला उत्तर द्यायची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याच्या, स्वतःच्या खिशातून जातो, म्हणून अपिलात दंडाची मागणी वेगळ्या ओळीत लिहा.