इंग्लिश आडनाव नेमकं कुठल्या गावचं, हे कसं शोधायचं

माझी मावसबहीण लग्न होऊन इंग्लंडला गेली, सासरचं आडनाव अ‍ॅशबी. तिच्या मुलीला शाळेत फॅमिली ट्री करायला सांगितला तेव्हा तिचा फोन आला, ताई तुला असल्या गोष्टींची आवड आहे ना, मग सांग हे अ‍ॅशबी लोक मूळचे कुठले. मी लगेच नकाशा उघडला, लेस्टरशरमधलं अ‍ॅशबी-डे-ला-झूश दिसलं, मोठं गाव, पडका किल्ला पण आहे, म्हटलं हेच असणार. ते चुकलं. अ‍ॅशबी नावाची गावं तिकडे डझनभर तरी आहेत, कॅसल अ‍ॅशबी, मिअर्स अ‍ॅशबी, कोल्ड अ‍ॅशबी ही तर एकट्या नॉर्दॅम्प्टनशरमधली. आणि त्या 'डे-ला-झूश'चं उलटंच आहे, तिथे गावावरून आडनाव पडलेलं नाही, मालक घराण्याचं आडनाव गावाला चिकटलंय.

म्हणून पहिली गोष्ट, नकाशापासून सुरुवात करू नका, माणसापासून करा. आपल्याकडे चिपळुणात कोणी कोणाला चिपळूणकर म्हणून ओळखत नाही, माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला चिपळूणकर म्हणायला लागतात. इंग्लंडमध्येही साध्या माणसांचं बऱ्याचदा असंच झालं, त्यामुळे आडनाव सांगतं ते कुठून निघाले एवढंच, पुढे कुठे राहिले ते नाही. जमीनदारांचं वेगळं, ते ज्या गावचे मालक त्या गावचं नाव लावायचे, त्यावर पुढे सांगते.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून आजोबा-पणजोबांची नावं आणि जन्माची सालं घ्या आणि एकेक पिढी मागे जा, मधली उडी मारू नका. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून आहे, त्याची यादी फ्रीबीएमडी या वेबसाइटवर फुकट शोधता येते. शिरगणती दर दहा वर्षांनी, नावानिशी बघायची तर 1841 पासून. पण 1841 वर फार विसंबू नका, त्यात मोठ्या माणसांची वयं बहुतेक पाचच्या पटीत खाली आणून लिहिलीत आणि जन्म याच काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, झाला का, एवढंच विचारलंय. 1851 मध्ये मात्र जन्माचं गाव लिहिलेलं असतं, माझ्यासाठी तर तो सगळ्यात महत्त्वाचा कागद. 1931 ची शोधत बसू नका, इंग्लंड-वेल्सची ती सगळी 1942 मध्ये आगीत जळाली.

1837 च्या मागे गेलात की चर्चची रजिस्टरं, बाप्तिस्मा, लग्न, दफन. ती ठेवायचा हुकूम 1538 चा, पण सगळीकडची टिकली नाहीत आणि 1640-50 च्या यादवीच्या काळात तर मोठी भगदाडं आहेत. असं झालं तर बिशपकडे दर वर्षी पाठवलेल्या नकला बघा, त्या 1598 पासून पाठवायचा नियम होता, मूळ वही गेली तरी नक्कल कधी कधी मिळते. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट खातं काढलं की यातलं बरंच घरबसल्या दिसतं.

हे चालू असताना 1881 च्या शिरगणतीत तुमचं आडनाव कुठल्या काउंटीत जास्त आहे तेही बघा. एकाच भागात गर्दी असेल तर मूळ गाव बहुतेक जवळपासच. तीन-चार ठिकाणी वेगवेगळे पुंजके असतील तर घराणी पण वेगवेगळी असू शकतात, अ‍ॅशबीचं हेच आहे.

अर्थ शेवटी बघा, आणि आजच्या स्पेलिंगवरून तर अजिबात लावू नका. शेवटचा तुकडा ओळखता आला तरी बरंच कळतं, 'टन' म्हणजे वाडी-वस्ती, 'ली' म्हणजे जंगल तोडून केलेली मोकळी जागा, 'बी' म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या लोकांच्या भाषेतलं गाव, म्हणून ते उत्तरेला आणि पूर्वेला जास्त. नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीची गावांच्या नावांची यादी ऑनलाइन आहे, तिथे अर्थ तपासा.

वॉशिंग्टनचं उदाहरण घ्या, धुण्याशी काही संबंध नाही, वासा नावाच्या कोणाच्या तरी माणसांची वस्ती असा अर्थ. हे गाव उत्तरेला डरहॅमच्या जुन्या हद्दीत. 1086 ची ती प्रसिद्ध डूम्सडे पाहणी, म्हणजे कुठली जमीन कोणाची याची राजाने करवलेली नोंद, डरहॅमपर्यंत गेलीच नाही, म्हणून त्यात हे गाव शोधून सापडणार नाही, डरहॅमच्या बिशपच्या जमिनींची 1183 ची बोल्डन बुक बघावी लागते. त्यात हार्टबर्नच्या विल्यमने हार्टबर्न देऊन बदल्यात हे गाव घेतल्याची नोंद आहे, आणि गाव बदललं तसं त्याचं नावही बदललं, तो वॉशिंग्टनचा विल्यम झाला! पुढे याच घराण्यातल्या लॉरेन्स वॉशिंग्टनने 1539 मध्ये नॉर्दॅम्प्टनशरमधलं सल्ग्रेव्ह विकत घेतलं, तिथून काही पिढ्यांनी जॉन व्हर्जिनियाला गेला, त्याचा पणतू जॉर्ज, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. म्हणजे डरहॅम कधीच मागे पडलं होतं, आडनाव तेवढं तिथलं.

दोन गोष्टींत लोक फार फसतात म्हणून सांगते. एक, आडनाव टाकलं की 'तुमच्या घराण्याचं चिन्ह' छापून विकणारे. इंग्लंडमध्ये असं चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांना लावता येतं. वॉशिंग्टनचं दोन लाल पट्टे आणि वर तीन लाल चांदण्या, आज वॉशिंग्टन डीसीच्या झेंड्यावर दिसतं तेच, पण आडनाव वॉशिंग्टन म्हणून कोणीही ते लावायचं असं नाही.

दुसरी, आडनाव सारखं म्हणजे रक्त एक असं धरणं. अमेरिकेत 2000 च्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे जवळजवळ 90 टक्के लोक कृष्णवर्णीय होते. कृष्णवर्णीयांचे प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन गुलामगिरीत जन्मले, शाळेत हजेरीला सगळ्या मुलांना दोन-दोन नावं आणि यांना एकच, तेव्हा त्यांनी स्वतःच वॉशिंग्टन सांगितलं, त्यांच्या सावत्र वडलांचं पहिलं नाव ते होतं. इथे डरहॅमचं गाव शोधून उपयोग नाही, त्या मुलाने वर्गात जे नाव घेतलं तोच त्या आडनावाचा उगम.

बहिणीच्या अ‍ॅशबींचं सांगायचं तर 1851 च्या पानावर खापरपणजोबांचा जन्म नॉर्दॅम्प्टनशरमधला निघाला, तिथून रजिस्टरात 1760 पर्यंत पोचलोय. फॅमिली ट्रीत तिला तेवढंच लिहायला सांगितलं, वरचा चौकोन रिकामा ठेवलाय.