दोघांची उन्हाळी शीडसफर : निघण्यापूर्वीची तयारी

शिडाच्या नौकेवर दोघेच असतील, तर तयारीची कसोटी एकच धरावी: नौकेवरचे प्रत्येक आवश्यक काम दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या मदतीशिवाय करता आले पाहिजे. एकाला बोट लागली, हाताला दुखापत झाली किंवा तो नुसता झोपलेला असला, तरी सुकाणू, शिडे, इंजिन आणि रेडिओ हे सारे दुसऱ्याच्याच अंगावर येते. म्हणून सामान भरण्याआधी शांत हवेचा एक दिवस कामांची अदलाबदल करून काढावा. नेहमी सुकाणू धरणाऱ्याने नांगर टाकावा, नांगर सांभाळणाऱ्याने नौका धक्क्याला लावावी, आणि शीड आखडणे, म्हणजे वारा वाढल्यावर त्याचा उघडा भाग कमी करणे, दोघांनीही एकेकट्याने करून पाहावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, त्यामुळे हे काम लवकर आणि बिनचूक जमणे महत्त्वाचे आहे.

सर्वांत जास्त वेळ मात्र पाण्यात पडलेल्या जोडीदाराला वर घेण्याच्या सरावाला द्यावा. नौकेवर उरलेल्या एकट्या माणसाला त्याच्यावर नजर ठेवायची, नौका वळवायची आणि ओल्या कपड्यांनी जड झालेला देह वर उचलायचा असतो. केवळ हातांच्या बळावर हे बहुधा जमत नाही. शीड चढवण्याचा दोर विंचवर (दोर ओढण्याच्या फिरकीवर) घेऊन माणूस उचलता येतो का, हे बंदरातच वजन बांधून तपासावे. लाइफजॅकेटचे वायूचे नळकांडे घट्ट बसलेले आहे आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा जागेवर आहे याची खात्री करावी, कारण त्या पट्ट्याशिवाय फुगलेले जॅकेट पाण्यात वर सरकते. जोडीदार खाली झोपलेला असताना वर असणाऱ्याने सुरक्षादोर अडकवूनच राहावे. या नियमाला चांगल्या हवेचीही सवलत देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

रेडिओशेजारी संकटकाळी बोलायचे शब्द, नौकेचे नाव आणि तिचा नऊ अंकी ओळख क्रमांक लिहिलेला कागद चिकटवावा. व्हीएचएफ, म्हणजे नौकेवरच्या रेडिओचे संकटकाळी वापरायचे 16 क्रमांकाचे चॅनेल आणि संकटाचा इशारा पाठवणारे झाकणाखालचे लाल बटण दोघांनाही ठाऊक असावे.

उन्हाळी सफरीतले बहुतेक अडथळे लहान गोष्टींतून उभे राहतात. थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) फाटला किंवा त्या पाण्याच्या वाटेत प्लास्टिकची पिशवी अडकली की इंजिन तापते. म्हणून इंजिन सुरू करताच एक्झॉस्टमधून पाणी बाहेर पडते आहे का, हे पाहावे. जादा इम्पेलर, डिझेल फिल्टर आणि इंजिनचा पट्टा बरोबर असावेत, शिवाय ते बदलण्याचा सराव धक्क्यावरच झालेला असावा. पाणी आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक झडपेजवळ तिच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी, झडप निकामी झाल्यास भोक बुजवण्यासाठी, बांधून ठेवावी. शिडासाठी चिकटपट्टी, जाड सुई आणि मेण लावलेला दोरा पुरतो.

नांगराच्या बाबतीत हिशेब कागदावर करावा. आता खोली 4 मीटर असेल, भरतीने पाणी आणखी 3 मीटर चढणार असेल आणि नौकेचे नाक पाण्यापासून 1 मीटर उंच असेल, तर साखळी एकूण 8 मीटरांच्या निदान चौपट ते पाचपट, म्हणजे 32 ते 40 मीटर सोडावी. नांगराला साखळीपेक्षा दोर जास्त असेल तर त्याहून बरीच अधिक लांबी लागते. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

बंदरांचे नियोजन करताना हात सैल सोडावा, कारण अशा सफरीचे निम्मे सुख मुक्कामांत असते. ताशी 5 सागरी मैलांच्या गतीने सहा तासांत 30 मैल होतात, आणि एका दिवसाला दोघांना तेवढे भरपूर आहे. दोन दिवस चालल्यावर एक दिवस थांबावे. तो दिवस कपडे धुण्यात, गावातून पायी भटकण्यात आणि निवांत जेवणात गेला, तर पुढच्या टप्प्यावर दोघांच्याही अंगात उमेद असते. सुट्टीच्या काळात दुपारनंतर जागा मिळणे कठीण होते, म्हणून लवकर निघून लवकर पोहोचावे, आणि प्रत्येक टप्प्यासाठी वाऱ्याची दिशा बदलली तरी सुरक्षित राहील असे पर्यायी बंदर हेरून ठेवावे. ओहोटीला तोंड बंद होणाऱ्या बंदरांच्या वेळा वेगळ्या टिपाव्यात.

धक्क्याला लागताना फेंडर (नौकेची बाजू घासू नये म्हणून लटकवायच्या गाद्या) आणि दोर आत शिरण्यापूर्वीच तयार ठेवावेत. दोघांच्या नौकेसाठी पहिला दोर मधल्या खुंट्यावरून द्यावा. तो एक आखडला की नौका धक्क्यापासून फार दूर जात नाही आणि पुढचे-मागचे दोर घाई न करता बांधता येतात. किनाऱ्यावर उडी मारू नये, पाऊल टाकता येईल इतकी नौका जवळ आल्यावरच उतरावे.

परक्या देशाच्या बंदरात शिरायचे असल्यास नौकेची व विम्याची कागदपत्रे, पासपोर्ट आणि प्रवेशाची परवानगी मागणारा पिवळा क्यू ध्वज हाताशी असावा. किनाऱ्यावरच्या एका भरवशाच्या व्यक्तीकडे मार्ग, अपेक्षित वेळा आणि किती उशीर झाल्यावर तटरक्षकांना कळवायचे हे लिहून द्यावे, आणि पोहोचल्यावर त्या व्यक्तीला निरोप देण्याचे काम दोघांपैकी कोणाचे, हेही निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे.