डिफेंडरची कारकीर्द कशी वाचायची आणि त्यातून आपला स्टॉपर कसा घडवायचा

सकाळी ग्राउंडवर येणाऱ्या प्रत्येक पोराला फॉरवर्ड व्हायचं असतं. जो उंच आणि गप्प, त्याला स्टॉपरला, म्हणजे आपल्या गोलपुढे मधोमध खेळणाऱ्या डिफेंडरच्या जागेवर, उभं करतात आणि तो तोंड पाडून मागे जातो. अशा पोराला आणि त्याच्या आईवडिलांना मी एक गृहपाठ देतो. इंग्लंडच्या खालच्या लीगमधला एक डिफेंडर निवडा आणि त्याची कारकीर्द पहिल्या ओळीपासून वाचा. मी कुपवाड एमआयडीसीत वायरमन आहे आणि खेळलो तेवढी वर्षं स्टॉपरच खेळलो. मेस्सीला बघून आनंद मिळतो, पण मागे खेळून टिकायचं कसं हे लीग टूमधल्या माणसाकडून कळतं.

आधी रचना लक्षात घ्या. सगळ्यांत वर प्रीमियर लीग, २० क्लब. खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. या तिन्हींत प्रत्येकी २४ क्लब, म्हणजे हंगामात लीगचेच ४६ सामने. त्याखाली नॅशनल लीग, आणि अजून खाली गेलं की नोकरी सांभाळून खेळणारे भेटायला लागतात.

आता इंटरनेटवर खेळाडूचं पान उघडा. वर्षं, क्लब, खेळलेले सामने आणि त्यापुढे कंसात गोल. पोरांची नजर थेट कंसात जाते. तो कंस हाताने झाका. डिफेंडरची किंमत सामन्यांच्या आकड्यात असते. ४६ पैकी ४० सामने खेळलेला माणूस म्हणजे थंडीत, चिखलात, हरल्यावरही कोचने ज्याचं नाव पुन्हा लिहिलं तो माणूस. आकडा १२-१५ वर आला असेल तर थांबा आणि कारण शोधा. दुखापत होती, बाकावर होता, की जानेवारीत क्लब बदलला? तिन्हींचा अर्थ वेगळा.

मग 'लोन' लिहिलेल्या ओळी बघा. क्लबने त्याला काही महिन्यांसाठी उसना दिला, एवढाच अर्थ. आपल्याकडे पालकांना हा अपमान वाटतो. तसं नाही. तरण्या स्टॉपरला थोराड फॉरवर्डच्या अंगावर खेळल्याशिवाय अंदाज येत नाही, म्हणून मोठे क्लब त्याला मुद्दाम खाली पाठवतात.

इंग्लंडच्या डॅन बर्न या स्टॉपरचं पान यासाठी सगळ्यांत चांगलं. न्यूकॅसल क्लबने त्याला ११व्या वर्षी सोडून दिलं. पुढे तो सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या ढकलायचं काम करत होता. डार्लिंग्टनमधून सुरुवात, २०११ मध्ये फुलहॅम, तिथून लोनवर येओव्हिल. २०१३ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर, वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीच्या प्ले-ऑफ फायनलमध्ये त्याने गोल केला आणि येओव्हिल चॅम्पियनशिपमध्ये गेलं. मग विगन, त्यांच्यासोबत २०१८ चं लीग वन विजेतेपद. मग ब्रायटन, आणि २०२२ मध्ये परत न्यूकॅसल, ज्यांनी लहानपणी सोडलं तेच. मार्च २०२५ मध्ये लीग कप फायनलला लिव्हरपूलविरुद्ध त्याने हेडरने गोल केला. न्यूकॅसलला १९५५ नंतर पहिल्यांदा देशातला मोठा कप मिळाला. त्याच महिन्यात ३२व्या वर्षी तो इंग्लंडकडून पहिला सामना खेळला. ही ओळ पोरांना मोठ्याने वाचायला लावा.

दुसरं पान ग्रॅहम अलेक्झांडरचं. स्कनथॉर्प, ल्यूटन, प्रेस्टन, बर्नली, परत स्कनथॉर्प. बहुतेक वर्षं राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा डिफेंडर. हजाराहून जास्त सामने, आणि प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तो २००९ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी. क्लब मोजकेच, मुक्काम लांब. मला स्वतःला असं पान वाचायला सगळ्यांत जास्त आवडतं. आणि डिफेंडर स्टुअर्ट पिअर्स तर माझ्याच धंद्यातला! वील्डस्टोनकडून खेळताना तो इलेक्ट्रिशियन होता. १९८३ मध्ये कॉव्हेंट्रीने त्याला घेतलं आणि पुढे इंग्लंडकडून तो ७८ सामने खेळला.

वाचून झालं की सामना बघा, पण हायलाइट्स नकोत. त्यात डिफेंडर दिसतो तो गोल खाताना नाहीतर गोल मारताना, मधली त्याची खरी मजुरी कापलेली असते. पूर्ण सामना मिळाला तर दहा मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही. एकच स्टॉपर धरायचा. बॉल पलीकडच्या बाजूला असताना तो कुठे सरकतो? मान किती वेळा वळवून मागे बघतो? समोरून माणूस येताना पाय सरळ आहेत की अंग तिरकं? लीग टूमध्ये लांब बॉल फार येतात, त्यामुळे पहिली उडी आणि नंतर पडलेला बॉल कोण उचलतो हेही दिसतं. शनिवारचे सामने आपल्या वेळेने संध्याकाळी साडेसातला आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेआठला सुरू होतात, म्हणजे पोरांची झोपही मोडत नाही.

ग्राउंडवर मी सुरुवात तिरक्या अंगाने करतो. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे मोडलेले, टाच किंचित उचललेली, नजर समोरच्याच्या डोळ्यांवर नाही तर बॉलवर. समोरच्याला आत येऊ न देता साइडलाइनकडे ढकलत मागे सरकायचं. बॉल काढायचा नाही! पोरांना हेच जड जातं, पाय आपोआप पुढे जातो. पावसाळ्यात आपली काळी माती स्टडला थापून बसते, बूट जड होतो आणि घाईने पाय टाकणारा हमखास घसरतो. म्हणून हा सराव मी चिखलातच घेतो, फक्त मध्ये मध्ये काटकीने स्टड खरवडून घ्यायचे.

हेडिंगची घाई करू नका. २०२० पासून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननेच प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेडिंग शिकवायचं नाही असं ठरवलंय, मेंदूच्या काळजीपोटी. आपणही ते पाळावं. लहानांना फक्त उडी शिकवा: धावत येऊन एका पायावर उडायचं, हात फाकलेले, हवेतला बॉल दोन्ही हातांनी झेलायचा. वेळ साधायची सवय तिथेच लागते. मोठ्यांना कपाळाने, डोळे उघडे ठेवून, बॉल उंच आणि बाजूला. मध्ये कधीच नाही.

आणि घरी एक वही करा. तारीख, कुठे खेळला, समोर कोण, किती मिनिटं, कुठल्या जागेवर. कोल्हापूरला स्पर्धेला गेला आणि पेठेच्या टीमपुढे शेवटची दहाच मिनिटं मिळाली, तरी लिहा. शाळेने दुसऱ्या टीमला खेळायला दिलं तर तीही ओळ लिहा, पुढे 'लोन' असं लिहून. गोलासाठी रकाना ठेवू नका. वही पोराने स्वतः भरायची, आईवडिलांनी नाही. महिन्यातून एकदा ती घेऊन माझ्याकडे यायचं. मिनिटं कुठे कमी झाली ते आम्ही दोघं बसून बघतो आणि पुढच्या आठवड्यात त्यावरच काम करतो.